पोचा एक, इस्टिमेट तीन

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या वस्त्यांमधला एक बदल डोळ्यांत भरतो. जिथे पूर्वी सायकली आणि हातठेले उभे असत, तिथे आता छोटा हत्ती उभा असतो. टाटाने ही गाडी २००५ साली बाजारात आणली आणि ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचा माल डोक्यावर वाहिला, त्याचा पोरगा स्वतःच्या नावावरच्या गाडीत माल वाहू लागला. कर्ज कुणी महामंडळातून काढले, कुणी मुद्रातून, बहुतेकांनी फायनान्स कंपनीकडून. गाडी दारात आली, हार घातला, समोरच्या काचेवर ‘जयभीम’ लिहिले, पेढे वाटले. इथपर्यंत सगळे व्यवस्थित. पण त्या गाडीला पहिला मार बसतो तेव्हा खर्च किती येईल हे सांगणारा एक कागद हातात पडतो. गॅरेजवाले त्याला इस्टिमेट म्हणतात. हा कागद वाचायचा कसा, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नसते. कर्ज देणाराही शिकवत नाही आणि गाडी विकणारा तर मुळीच शिकवत नाही.

वाचकांना वाटेल, हा काय विषय झाला? चळवळीच्या पानावर पोच्याची आणि रंगाची चर्चा? पण ज्या घराची चूल एका गाडीवर पेटते त्या घरात हा विषय क्षुल्लक नसतो. शिवाय या कागदावर माणसाच्या हाताचा भाव लिहिलेला असतो, आणि हाताचा भाव हा तर आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखकाचा भाचा नागपुरात भाजीपाला आणि किराणा वाहतो. गाडीला चार वर्षे होऊन वर काही महिने झाले होते. पहाटे साडेचारला ठोक बाजारात मागे येणाऱ्या एका ट्रकने त्याच्या गाडीला डाव्या अंगाने दाबले. ट्रकवाला “दिसलं नाही भाऊ” म्हणाला, दोनशे रुपये पुढे केले आणि भाच्याने ते नाकारताच पुन्हा खिशात घालून निघून गेला. डावा दरवाजा काचेखाली आत गेला, पुढचा डावा कोपरा चेपला, हेडलाइट फुटला, बंपर मुडपला. इंजिन शाबूत, चाके शाबूत, माणूस शाबूत. तरीही दुपारी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज असा होता की घरात कुणी गेले की काय, असे वाटावे. “जयभीम मामा. गाडी ठोकली. कंपनीवाले चौतीस हजार म्हणतात.”

मी म्हटले, अजून दोन ठिकाणी दाखव, मग बोलू.

दोन दिवसांत तीन इस्टिमेट जमले. पहिले कंपनीच्या वर्कशॉपचे, संगणकावर छापलेले. नवा दरवाजा ९,८०० रुपये, नवा बंपर ४,६००, नवा हेडलाइट ३,०००. डेंटिंगची मजुरी ३,५००, पेंटिंग ८,०००. बेरीज २८,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,२०२. एकूण ३४,१०२ रुपये आणि नऊ दिवस. दुसरे हमरस्त्यावरच्या एका बड्या गॅरेजचे. लेटरहेड झकास, पण मजकूर एकच ओळ: ‘डेंटिंग-पेंटिंग संपूर्ण काम, १९,००० रुपये’. तिसरे वस्तीलगतच्या एका उस्तादचे. त्यांनी ते तोंडीच सांगितले आणि भाच्याने बिडीच्या पुड्याच्या मागच्या बाजूवर टिपून घेतले. दरवाजा ओढून सरळ करणे २,५००, कोपरा १,५००, बंपर ठोकून बसवणे ८००, बाजारातला हेडलाइट १,९००, रंग ५,५००. एकूण १२,२०० रुपये, पाच दिवस.

पोचा तोच आणि आकडे तीन. साधारण माणूस यावरून दोन निष्कर्ष काढतो. एकतर महाग सांगणारा लुटारू आहे, नाहीतर स्वस्त सांगणारा भोंदू आहे. बऱ्याचदा दोन्ही खोटे असतात. तिघांनी तीन वेगळी कामे मोजलेली असतात. कंपनीने पत्रा बदलायचे मोजले, उस्तादने पत्रा सरळ करायचे मोजले, आणि मधल्याने काय मोजले ते त्याचे त्यालाच ठाऊक. ज्या इस्टिमेटमध्ये एकच ओळ असते त्याला इस्टिमेट म्हणू नये. त्यात काय बदलणार, काय ठोकणार, किती भागांना रंग देणार, यातले काहीच लिहिलेले नसते. उद्या त्याने काहीच केले नाही तरी तुम्ही कशावर बोट ठेवणार?

आता पोच्याचा हिशेब कसा होतो ते समजून घेऊ. कारागीर तळहाताएवढा पोचा बघतो तेव्हा तो केवळ आकार बघत नाही. पोचा सपाट जागी आहे की पत्र्याच्या धारेवर, हे तो आधी बघतो. दरवाज्याच्या मधोमध ताटाएवढा पोचा असेल तर तो आतून हात घालून ढकलता येतो. पण तोच पोचा कडेवर, घडीवर किंवा दुहेरी पत्र्याच्या जागी असेल तर वाटीएवढा असूनही अर्धा दिवस खातो, कारण मागे हातोडी पोहोचत नाही. मग पत्र्यावर खिळा किंवा वॉशर वेल्ड करून बाहेर खेचावे लागते. दुसरी गोष्ट, पत्रा फक्त वाकला आहे की ताणला गेला आहे. ताणलेला पत्रा वाढलेला असतो. त्याला ठोकून जागा पुरत नाही, तो डब्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर होत राहतो. त्याला तापवून, गार करून आकसवावे लागते. हे काम शाळेत शिकवून येत नाही, हाताला कळावे लागते. आणि तिसरी गोष्ट, वरचा रंग फुटला आहे की नाही. रंग शाबूत असेल तर काही पोचे रंगाला हात न लावता मागून सळईने दाबून काढता येतात आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. रंगाला तडा गेला असेल तर मात्र पुढचा सगळा पसारा आला.

हा पसारा म्हणजे काय ते गाडीवाल्याला दिसत नाही, म्हणून त्याला रंगाचा खर्च नेहमी जास्त वाटतो. खरडून पत्रा उघडा करायचा, गंज काढायचा, प्रायमर मारायचा. मग लांबी भरायची, वाळू द्यायची, पेपरने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. ऐंशी नंबरच्या जाड पेपरपासून सुरुवात करून पाण्याखाली घासायच्या सहाशे-आठशेच्या बारीक पेपरपर्यंत यायचे. मग सरफेसर, पुन्हा घासाई. मग टेप आणि रद्दीचे कागद लावून बाकी गाडी झाकायची. मग बेस कोट, त्यावर क्लिअर कोट. वाळल्यावर रबिंग. गन हातात धरायचे काम तास-दीड तासाचे असते, त्याआधीचे घासणे दोन दिवसांचे. आणि एवढ्याशा ओरखड्यासाठी अख्खा दरवाजा का रंगवता, हा जो प्रश्न प्रत्येक जण विचारतो त्याचे उत्तर असे की, क्लिअर कोटचा जोड पत्र्याच्या मध्येच दिला तर तो उन्हात दिसतो. तो कडेला किंवा घडीलाच लपवावा लागतो. गाडी साधी पांढरी असेल तर एवढ्यावर भागते. मेटॅलिक किंवा मोत्यासारखी झाक असलेला रंग असेल तर शेजारच्या पत्र्यावरही रंग विरळ करत न्यावा लागतो, नाहीतर दरवाजा एका गाडीचा आणि पंखा दुसऱ्या गाडीचा वाटतो. बहुतेक छोटे हत्ती पांढरे असतात. मालकांनी हा रंग विचार करून निवडला नसेल, पण पोचा पडल्यावर तो उपयोगी पडतो.

स्वस्त काम कुठे फसवते? लांबीत. पत्रा नीट न ओढता खड्डा लांबीने भरून काढला तर वेळ वाचतो आणि वरून काम आरशासारखे दिसते. पण लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की मालगाडीच्या हादऱ्यांनी तो तडकतो, तड्यातून पावसाचे पाणी आत जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. फ्रिजवर लावायचे साधे चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दुरुस्त केलेल्या जागी लावा. शेजारच्या पत्र्यावर ते घट्ट चिकटते आणि इथे निसटत असेल तर खाली पत्रा कमी, लांबी जास्त आहे असे समजावे. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर अर्थातच चुंबक चालणार नाही.

इथपर्यंत कारागिराची बाजू झाली. आता विमा. भाचा म्हणाला, “मामा, आपला तर फुल इन्शुरन्स आहे. कंपनीतच टाकतो गाडी, पैसे विमावाले देतील.” गाडी विकताना त्याला तसेच सांगितले होते. मी पॉलिसी मागवली. घरातल्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार वर्षांत एकदाही न उघडलेली. आपल्या घरांत जातीचा दाखला आणि विम्याची पॉलिसी एकाच पिशवीत असतात. दाखला दहा वेळा बाहेर निघतो, पॉलिसी एकदाही नाही.

मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत एक अट असते. मोटार टॅरिफच्या भाषेत तिला आयएमटी २१ म्हणतात. ती सांगते की गाडी पूर्ण नष्ट झाली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान कंपनी भरून देणार नाही. रंगकाम! म्हणजे ज्या गाडीला दिवसातून दहा वेळा गर्दीत घुसावे लागते त्या गाडीचे नेमके तेच भाग वगळलेले. ही अट काढून घेता येते. थोडा जादा हप्ता भरून आयएमटी २३ हे कलम पॉलिसीला जोडले की हे भागही विम्यात येतात. पण जोडायचे असेल तर ते विचारावे लागते, आणि विचारायचे असेल तर आधी माहीत असावे लागते. भाच्याच्या पॉलिसीवर २३ नव्हते. हे टॅरिफ २००२ सालचे. २००७ पासून हप्त्यांचे दर कंपन्यांना मोकळे झाले, पण बहुतेक पॉलिसींत अटींची भाषा तीच चालत आली आहे. प्रत्येकाने आपापल्या पॉलिसीवर २१ आणि २३ हे आकडे शोधून बघावेत.

मग आम्ही हिशेब मांडला. कंपनीच्या २८,९०० मधून हेडलाइट, बंपर आणि पेंटिंग गेले. उरला दरवाजा आणि डेंटिंग. दरवाज्यावर घसारा. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे गाडी चार ते पाच वर्षांची असेल तर पत्र्याच्या भागांवर ३५ टक्के कापतात, पाच ते दहा वर्षांत ४०, दहाच्या वर ५०. प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनवर पहिल्या दिवसापासून ५०. काचेवर काही नाही. ९,८०० चे ३५ टक्के म्हणजे ३,४३०. दरवाज्याचे मिळणार ६,३७० आणि डेंटिंगचे ३,५००, मिळून ९,८७०. त्यातून सक्तीची वजावट वेगळी. म्हणजे कर बाजूला ठेवला तरी भाच्याच्या खिशातून १९,०३० रुपयांच्या वर जाणार. शिवाय चार वर्षे क्लेम केला नाही म्हणून जमलेला ४५ टक्के नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्यावर येणार, आणि पुढची पाच वर्षे २०, २५, ३५, ४५, ५० अशी ती शिडी पुन्हा चढायची. आणि उस्ताद सगळे काम १२,२०० मध्ये करून देत होते. छोटा कारागीर, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, त्यामुळे त्यांच्या बिलावर जीएसटीही नाही. विमा असून तो न वापरणे स्वस्त पडत होते. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “मग फुल म्हणजे काय असते?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांनीच वर्कशॉप सोडून उस्तादकडे जावे काय? तसे नाही. खासगी मोटारीला आयएमटी २१ लागत नाही. गाडी दोन-तीन वर्षांची असेल, मार मोठा असेल, चासी किंवा खांब वाकला असेल, तर क्लेम करणेच शहाणपणाचे. अशा वेळी सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी उघडू देऊ नये आणि इस्टिमेटमध्ये पेंटिंगची मजुरी आणि पेंटिंगचे सामान वेगळे लिहून घ्यावे. याला कारण आहे. घसारा फक्त रंगाच्या सामानावर लागतो, ५० टक्के. मजुरीवर लागत नाही. बिल एकत्र असेल तर कोष्टक असे धरते की एकूण पेंटिंगच्या २५ टक्के सामान आणि बाकीची मजुरी. दहा हजारांचे एकत्र बिल असेल तर अडीच हजार सामान, त्याचे निम्मे म्हणजे साडेबाराशे कापले जातात.

वाचकहो, या २५ टक्क्यांपाशी थोडे थांबा. ही ओळ कुठल्या कामगार संघटनेच्या निवेदनातली नाही. विमा कंपन्यांच्या स्वतःच्या अटींमध्ये ती छापलेली आहे. गाडीच्या रंगकामात चार आण्याचे सामान आणि बारा आण्याची मेहनत असते, असे विमा व्यवसायाने हिशेबासाठी का होईना मान्य केले आहे. मग हे बारा आणे जातात कुठे? अनेक मोठ्या वर्कशॉपमध्ये डेंटिंग-पेंटिंगचा विभाग ठेक्यावर दिलेला असतो. ठेकेदाराला एका पॅनलमागे अमुक रुपये, त्याच्याकडून कारागिराला त्याहून कमी, हेल्परला त्याहून कमी. ग्राहकाच्या बिलावर ‘लेबर’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो प्रत्यक्ष लेबरच्या हाती किती पोहोचतो, हे त्या बिलावर कुठेच लिहिलेले नसते.

आणि आपण काय करतो? आता भाच्याची गोष्ट सांगतो. तोही आपलाच पोरगा आहे, आणि त्याने जे केले ते मीही आजवर केले आहे. आम्ही दोघे उस्तादकडे गेलो. पत्र्याचे शेड, मागे कॉम्प्रेसर धडधडतो आहे, जमिनीवर रंगाचे पन्नास थर. भाचा म्हणाला, “उस्ताद, रंगाचे साडेपाच जास्त होतात. चार करा.” उस्ताद काही बोलले नाहीत. मी भाच्याला विचारले, हेडलाइटच्या एकोणीसशेत किती कमी करायला सांगितलेस? तो म्हणाला, “त्याचा तर भाव ठरलेला असतो मामा.”

वस्तूचा भाव ठरलेला असतो आणि हाताचा भाव घासाघीस करून ठरवायचा असतो! हे आपल्याला कुणी शिकवले? ज्या समाजाच्या हाताचा भाव हजारो वर्षे दुसऱ्यांनी ठरवला, बलुत्याच्या नावाखाली मूठभर धान्य टाकून ठरवला, त्या समाजाच्या पोराच्या तोंडी हे वाक्य यावे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ मध्ये, मांडले गेले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. मजुरीची एक पातळी अशी असावी की तिच्याखाली सौदाच होऊ नये, हा त्यामागचा विचार. आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि गॅरेजमध्ये जाऊन पहिला हात मजुरीच्या ओळीवरच ठेवतो.

असो. उस्ताद जातीने, धर्माने कोण, हे मी लिहिणार नाही. त्याची गरज नाही. या धंद्यात मुसलमान आहेत, आपली पोरे आहेत, उत्तरेतून आलेले आहेत. प्रस्थापितांच्या घरचा पोरगा लांबी घासताना मी तरी पाहिला नाही. उस्तादनी बोटांवर हिशेब मांडला. “सर, साडेपाचात रंग, हार्डनर, थिनर, लांबी, पेपर, टेप मिळून चौदाशे जातात. राहिले एक्केचाळीसशे. मी आणि हा पोरगा, तीन दिवस. त्यात शेडचे भाडे, कॉम्प्रेसरची लाइट. काढा तुम्ही.” साडेपाच हजारांचे २५ टक्के १,३७५ होतात. टॅरिफचे कोष्टक या माणसाने कधी पाहिले नसणार, तरी त्याचा आकडा पंचवीस रुपयांच्या फरकाने तोच आला.

ते बोलताना मधूनमधून खोकत होते. मी विचारले तर म्हणाले, थिनरचा वास आहे, सवय आहे. ही सवय वाईट. पूर्वी ड्युको नावाने ओळखला जाणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग हवेतच वाळायचा. आज जो टणक आणि चकचकीत रंग मारतात तो दोन भागांचा असतो, रंग आणि हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. गनमधून उडालेल्या धुक्याबरोबर ती छातीत जातात आणि काही जणांना त्यांची कायमची संवेदनशीलता येते. मग रात्री खोकला, छाती आवळणे, धाप. एकदा दमा जडला की पुढे थोडासा वासही पुरतो, आणि बऱ्याच जणांना हा धंदाच सोडावा लागतो. ब्रिटनमध्ये कामातून होणाऱ्या दम्याचे हे वर्षानुवर्षे आघाडीचे कारण राहिले आहे, आणि तिथे अशी फवारणी करताना बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरणे अपेक्षित असते. आपल्याकडे तोंडाला रुमाल. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कापडी किंवा दवाखान्यातला निळा मास्कही अडवत नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये बंद बूथ असते, हवा खेचून गाळली जाते, साठ अंशांच्या आसपास तापवून अर्ध्या तासात रंग पक्का करतात. कंपनीच्या आठ हजारांत त्या बूथचाही पैसा असतो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. उस्तादच्या साडेपाच हजारांत बूथ नाही. त्याचा खर्च त्यांची छाती भरते, आणि तो कुठल्याच इस्टिमेटवर येत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या अशा शेडला ईएसआयही सहसा लागू होत नाही.

शेडमधला पोरगा एकोणीस वर्षांचा होता. मी मुद्दाम विचारले. उस्ताद स्वतः अकराव्या वर्षी या कामाला लागले होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात जी धोकादायक कामांची यादी होती, तिच्यात पुढे गाड्यांची दुरुस्ती घातली गेली तेव्हा पोचे ठोकणे आणि रंगकाम यांची नावे घेऊन नोंद झाली होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर घरच्या धंद्यातली मदत वगळता चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. तरी ‘छोटू’ ही हाक गॅरेजांतून ऐकू येतेच. दुसऱ्या बाजूला, आयटीआयमध्ये बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंग असे स्वतंत्र ट्रेड आहेत हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? आपली पोरे इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या रांगेत उभी राहतात. हे काम जिथे बूथमध्ये, मुखवटा लावून, पगारपत्रकावर सही करून होते तिथे ते सन्मानाचे काम आहे. कमीपणा कामात नसतो, ते ज्या परिस्थितीत करायला लावले जाते तिच्यात असतो.

आणखी एक आकडा तिन्ही इस्टिमेटांवर नव्हता. गाडी उभी राहिल्याचा. डिझेल वजा जाता भाच्याच्या हाती दिवसाला हजाराच्या आसपास राहतात. वर्कशॉपचे नऊ दिवस आणि उस्तादचे पाच दिवस, यातला फरकच चार हजारांचा. फायनान्सचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, गाडी शेडमध्ये आहे म्हणून थांबत नाही. बुडालेली कमाई नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. म्हणून इस्टिमेट घेताना पैशांइतकेच दिवस लिहून घ्यावेत, आणि उशीर झाल्यास काय, हेही विचारावे. कार हौसेने ठेवणाऱ्याला याची गरज नसेल, पोटासाठी चालवणाऱ्याला आहे. पार्ट नवा बदलण्यापेक्षा जुना सरळ करणे त्याला परवडते ते याही कारणाने, कारण पार्टची वाट बघण्यात दिवस जातात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे दरवाजे मिळतात, तोही एक मार्ग आहे. मात्र दरवाजा कुठून आला, याची पावती घ्यावी. पावती नसेल तर स्वस्त दरवाजा पोलीस ठाण्यापर्यंत नेतो.

भाच्याने काम उस्तादलाच दिले. भाव ठरला तो १२,२०० च. मी पाचशे रुपये वर देऊन चांगल्या फिल्टरचा मुखवटा घ्यायला सांगितले, तर त्यांनी पाचशे परत केले आणि म्हणाले, “मुखवटाच आणून द्या सर, पैसे दिले तर घरात खर्च होतात.” मुखवटा आणून दिला. बाहेरून हवा पुरवणारा नव्हे, तो आमच्या आवाक्यात नव्हता. वाफेसाठीच्या काडतुसांचा. काडतुसे किती दिवसांनी बदलायची ते दुकानदाराकडून लिहून घेतले.

पोलीस ठाण्यात ट्रकवाल्याविरुद्ध काही करता आले असते काय, असे काही मित्रांनी विचारले. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचे नुकसान ट्रकच्या विम्यातून मागता येते, कायदा आहे. पण पहाटेच्या अंधारात भाच्याने ट्रकचा नंबरच टिपला नव्हता. मोबाइल खिशात होता, एक फोटो काढायचे सुचले नाही. पुढच्या वेळी सुचेल.

मार्चमध्ये पॉलिसीचे नूतनीकरण आले. भाच्याने एजंटला फोन करून आयएमटी २३ घालायला सांगितले. एजंट म्हणाला, “हे तुम्हाला कुणी सांगितले?” जादा हप्ता काही हजारांत नव्हता, शेकड्यांतच होता.

गाडी सोमवारी सोडली होती, ती शनिवारी रात्री मिळाली. चुंबक लावून पाहिले, चिकटले. पैसे देताना भाच्याने आपली वही पुढे केली आणि सगळे वेगवेगळे लिहून मागितले. उस्तादला मराठी लिहायचा सराव नव्हता, म्हणून ते सांगत गेले आणि शेडमधल्या पोराने लिहिले. दरवाजा, कोपरा, बंपर, हेडलाइट. रंगापाशी आल्यावर पोराने ५,५०० लिहायला घेतले, तेव्हा उस्तादनी त्याला थांबवले. “सामान चौदाशे लिही,” ते म्हणाले, “आणि खाली मजुरी लिही. एक्केचाळीसशे.” मग वही हातात घेऊन त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि खाली सही केली.